डब्ल्यूडब्ल्यूई : काय रंगलं, कुठे माती खाल्ली?

वेंगुर्लेकिनारा

तुळशीचं लग्न झालं की तळकोकणात जत्रा सुरू होतात, आणि मग आमच्याकडे दोन खेळांची चर्चा एकाच वेळी चालते. एक देवळापुढचा दहिकाला, म्हणजे दशावताराचं नाटक, दुसरा मंगळवारी सकाळचं रॉ, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा टीव्हीवरचा साप्ताहिक कार्यक्रम. रॉ बघणाऱ्याला बाहेरचे लोक हमखास विचारतात, "सगळं आधीच ठरलेलं असतं, मग बघता कशाला?"

दशावताराच्या बाबतीत हा प्रश्न कुणाला पडत नाही. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे पुढे मांडी घालून बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी पहाटे राजा आणि राक्षस समोरासमोर आले की पेंगणारी माणसं सरसावून बसतात. लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि शेवट काय, एवढं ठरतं. शब्द कुठले वापरायचे, लढाई किती ताणायची, हे नट समोरच्या पब्लिककडे बघून जागेवर ठरवतो. डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती माझ्या लेखी याच जातीची आहे. निकाल ठरलेला असणं हा तिचा दोष मी मानत नाही. निकालापर्यंतची वाट नीट न बांधणं, आणि त्याहून वाईट म्हणजे बांधून झालेली वाट नंतर उखडून टाकणं, हा दोष.

माझ्या मते या कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा चढ आणि सगळ्यात मोठा उतार एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वर्षी आला. कोफी किंग्स्टन, २०१९.

कोफी २००८ पासून टीव्हीवर होता. चपळ, हसरा, पब्लिकचा लाडका, पण मुख्य पट्ट्याच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या, जवळपास त्याला कुणी फिरकू दिलं नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका जखमी पैलवानाच्या जागी त्याला घेतलं आणि गाँटलेट मॅचमध्ये (एकामागून एक नवा प्रतिस्पर्धी येतो ती लढत) तो तासभर रिंगमध्ये टिकला. डॅनियल ब्रायन, जेफ हार्डी, समोआ जो, एकेकाला पाडत गेला. तिथून पब्लिकने त्याला उचलून धरलं. मग व्हिन्स मॅकमहनने गोष्टीतला मालक म्हणून त्याच्या वाटेत एकेक धोंडा टाकायला सुरुवात केली. मार्चमध्ये पाच जणांना हरवल्यावर "आता अजून एक" म्हणून ताज्या दमाचा ब्रायन बाहेर काढला, तेव्हा कोफीचा चेहरा बघायचा होता. ओरडला नाही, रडला नाही. दोरीला टेकून नुसता त्या वाटेकडे बघत राहिला. ७ एप्रिलला रेसलमेनिया ३५ मध्ये, कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, तो पट्टा जिंकला, त्याची दोन्ही पोरं रिंगमध्ये आली. अकरा वर्षांच्या वाटेचं चीज झालं.

आणि ४ ऑक्टोबर २०१९. कंपनीच्या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमाचा, स्मॅकडाउनचा, नव्या वाहिनीवरचा पहिला भाग. ब्रॉक लेस्नर आला, कोफीला खांद्यावर घेतलं, त्याचा ठेवणीतला डाव एफ-फाइव्ह, खेळ खल्लास. दहा सेकंदांच्या आसपास. हरवायलाही माझी हरकत नाही, राजा बदलतो. पण त्यानंतर कोफीला त्याबद्दल ना संताप दाखवू दिला ना दुःख. तो पुन्हा हसत हसत टॅग टीममध्ये, जोड्यांच्या लढतींत. म्हणजे एप्रिलमध्ये आम्ही ज्याच्यासाठी पहाटे उठून बसलो, ते घडलंच नाही असं समजायचं? मला हे अजून पटत नाही.

तुमचे चढ आणि उतार लिहा. नुसती यादी नको, का ते लिहा.

ट्रम्पकार्ड

उतार म्हणाल तर ६ एप्रिल २०१४. आपल्याकडे सोमवार उजाडत होता. अंडरटेकरची रेसलमेनियातली २१ विजयांची अखंड मालिका ब्रॉक लेस्नरने मोडली. १९९१ मध्ये जिमी स्नूकाला हरवून सुरू झालेली मालिका.

आमच्या पिढीने अंडरटेकर आधी पत्त्यांवर बघितला, टीव्हीवर नंतर. शाळेच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड असायचे. उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक. ज्याच्या हातात अंडरटेकर, तो डाव सहसा सोडायचा नाही. मधल्या सुट्टीत पारावर बसून "तो सात वेळा मेलाय आणि परत आलाय" हे आम्ही छातीठोकपणे सांगायचो. त्या माणसाला त्या दिवशी तिसऱ्या एफ-फाइव्हनंतर उठताच आलं नाही. मॅचमध्येच त्याच्या डोक्याला मार लागला होता हे नंतर कळलं. वेंगुर्लेकिनारा, तुमचंच माप लावतो. एवढी वर्षं बांधलेली वाट लेस्नरसाठी का उखडली? त्याला त्याची गरजच नव्हती. तो आधीच सगळं जिंकून बसला होता. एखादा नवा पोरगा त्या विजयावर जन्मभर उभा राहिला असता.

दाभोळखाडी

असहमत. तो दिवस मी चढातच धरेन.

मोठा पडदा आठवा. २१-१. न्यू ऑर्लिन्सच्या त्या स्टेडियममध्ये पंचाहत्तर हजार माणसं होती असं कंपनीनेच जाहीर केलं होतं, आणि तिसरी थाप पडल्यावर काही क्षण कुणाला काय करावं तेच कळेना. संगीतसुद्धा लगेच वाजलं नाही. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला तेव्हा तोंडाचा आ वासलेला एक चष्मेवाला माणूस दिसला, तो चेहरा नंतर जगभर फिरला. लेस्नरचा वकील पॉल हेमन स्वतःच डोळे फाडून उभा. सगळं ठरलेलं असतं हे माहीत असलेल्या माणसांनाही "हे होऊ शकत नाही" असं वाटायला लावणं, याहून मोठी करामत दुसरी कुठली?

आणि लेस्नरला गरज नव्हती म्हणता, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समरस्लॅमला त्याने जॉन सीनाला एकामागून एक जर्मन सुप्लेक्स घालून जे लोळवलं, ते खरं वाटलं ते एप्रिलमुळेच. जो अंडरटेकरला पाडतो तो कुणालाही पाडेल, ही भीती तिथून आली. वाट पुढे नेली की त्यांनी.

वेंगुर्लेकिनारा

दाभोळखाडी, समरस्लॅमचा मुद्दा मान्य. पण मी ट्रम्पकार्डच्या बाजूने आहे. ती भीती लेस्नर पुढे घेऊन गेला खरा, पण पुढच्या पिढीतल्या कुणाच्या हाती ती नीट सोपवलीच नाही.

अंडरटेकरचा विषय निघालाच आहे तर ५ एप्रिल २००९, ह्यूस्टन, शॉन मायकल्सविरुद्धची लढत कुणीतरी लिहायला हवी, म्हणून मीच लिहितो. अर्ध्या तासाच्या आसपासची ती लढत मी आजही कुणालाही दाखवतो. निकालाबद्दल शंका फारशी कुणालाच नव्हती, मालिका मोडणार नाही हे सगळे धरून होते. तरी त्यात एक जागा आहे. अंडरटेकर वरच्या दोरीवरून बाहेर झेप घेतो, शॉन समोरच्या कॅमेरावाल्याला मध्ये ओढतो, आणि अंडरटेकर जवळजवळ डोक्यावर आपटतो. रेफरी दहा आकडे मोजायला लागतो. शॉन आत बसून त्या आकड्यांची वाट बघतोय, म्हणजे त्याला असंही जिंकायला चालणार आहे. नवाला अंडरटेकर कसाबसा आत शिरतो. तिथे पब्लिक फिरली. नंतर टूम्बस्टोन, म्हणजे डोक्यावर आपटायचा अंडरटेकरचा डाव, खाऊनही शॉन उठला तेव्हा अंडरटेकर गुडघ्यांवर बसून ज्या नजरेने त्याच्याकडे बघतो, तसं त्याला आधी कधी बघितलं नव्हतं. राक्षसाला पहिल्यांदा शंका आली होती. शेवटी शॉनची उलटी उडी त्याने हवेतच झेलली आणि तिथूनच दुसरा टूम्बस्टोन.

त्या रात्री शेवटची लढत ट्रिपल एच आणि रँडी ऑर्टनची होती. पब्लिक दमून गेली होती, ओरडायला कुणात त्राण नव्हतं. कुठलं आख्यान कुठे लावायचं हे कळायला हवं. आमच्याकडच्या दशावतार कंपन्यांना ते बरोबर कळतं.

माजगावचो झील

खलीचा नाव कोणीच काढूक नाय म्हणान लिवतंय. २००६ साली तो पयल्यांदा इलो आणि अंडरटेकराक आडवो केल्यान, तेव्हा आमच्या वाडीत जो काय आनंद झालो तो मी इसराचंय नाय. टेन स्पोर्ट्स एकाच घरात लागी. थंयसर खळ्यात सुद्धा उभ्या ऱ्हवाक जागा नसायची. जुलै २००७ मध्ये बॅटल रॉयल (सगळ्यांची एकदम लढत) जिंकान तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झालो. हिमाचलातलो, पंजाब पोलिसातलो माणूस, आणि पट्टो तेच्या खांद्यार!

पण मगे काय केल्यानी? दोन म्हयन्यात पट्टो बटिस्टाकडे गेलो, तां एक ऱ्हवांदे. पुढे त्या एवढ्या मोठ्या माणसाक रिंगणात नाचवल्यानी, 'किस कॅम' म्हणान बायकांचे मुके घेवक लावल्यानी. ज्येका बघून आमची पोरा पांघरुणात तोंड लपवी, तेका हसाचो इषय केल्यानी. राक्षस केलास तर तेका राक्षस म्हणानच ठेवक व्हयो. माका तां बघवला नाय.

तेरेखोल

माजगावच्या भावाने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. जिंदर महालचं त्याहून वाईट झालं, कारण तिथे हेतू उघड होता.

एप्रिल २०१७ पर्यंत जिंदर दर आठवड्याला हरण्यासाठीच रिंगमध्ये यायचा. एका सहा जणांच्या लढतीत अचानक जिंकला आणि २१ मे २०१७ ला बॅकलॅशमध्ये रँडी ऑर्टनला हरवून थेट डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन. भारतातला प्रेक्षक वाढवायचा म्हणून हे चाललंय हे सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही हरकत नव्हती, शरीर त्याने घाम गाळून कमावलं होतं. पण मग त्याच्यासाठी गोष्ट लिहा ना! दर वेळी त्याचे साथीदार सिंग ब्रदर्स मध्ये पडणार, दर वेळी तसाच निकाल. जुलैमध्ये पंजाबी प्रिझनच्या बांबूच्या पिंजऱ्यात खली परत आला, तोही ऑर्टनला धरून ठेवण्यापुरता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये एजे स्टाइल्सने मँचेस्टरला पट्टा घेतला. आणि डिसेंबरात दिल्लीत कार्यक्रम झाला, तिथे ट्रिपल एचने जिंदरला हरवलं. ज्या प्रेक्षकासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच प्रेक्षकासमोर, त्याच्या घरात. त्या दिवसापासून "भारतासाठी खास" असं काही जाहीर झालं की मी सावध होतो.

अंजनवेल

बायकांच्या लढतींबद्दल कुणी काही लिहिलंच नाही.

मी आणि माझी मावशी मिळून बघतो. मावशीला इंग्रजी येत नाही, पण कोण कुणावर जळतंय हे तिला माझ्याआधी कळतं. २३ फेब्रुवारी २०१५ च्या रॉमध्ये बेला बहिणी विरुद्ध पेज आणि एमा ही लढत अर्ध्या मिनिटात गुंडाळली. तीन तासांच्या कार्यक्रमात चार बायकांना मिळून तेवढाच वेळ. मावशी म्हणाली, "ह्या बिचाऱ्या तयारी करायला जास्त वेळ घेत असतील." त्या रात्री जगभरच्या प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर "गिव्ह दिवाज अ चान्स" (दिवाज म्हणजे कंपनीच्या बायका-पैलवान) असा धोशा लावला आणि तो इतका वाढला की मालकालाच उत्तर द्यावं लागलं. माझ्यासाठी चढ तिथून सुरू होतो, आणि तो प्रेक्षकांनी मिळवलेला आहे.

ऑगस्टमध्ये ब्रुकलिनला बेली आणि साशा बँक्स लढल्या. साशा बेलीच्या दुखऱ्या हातावर पाय देते, तरी बेली हार मानत नाही. ती मॅच बघून मावशी उठून चहा ठेवायला विसरली. २०१६ च्या रेसलमेनियात दिवाजचा तो गुलाबी फुलपाखराचा पट्टा गेला आणि विमेन्स चॅम्पियनशिप आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नाया जॅक्सच्या ठोशाने बेकी लिंचचं नाक मोडलं. रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने ती प्रेक्षकांमध्ये हात पसरून उभी राहिली आणि हसली. तो प्रसंग ठरलेला नव्हता, पण बेकीने तो सोनं करून घेतला.

याच वाटेवरचा उतारही सांगते. ७ एप्रिल २०१९, कोफी जिंकला तीच रात्र. रेसलमेनियाची शेवटची लढत पहिल्यांदा बायकांची : बेकी, राँडा राउझी, शार्लट फ्लेअर. एवढी वाट बघितली आणि शेवट घाईघाईत, राँडाचा खांदा वर उचललेला दिसत असताना तीन मोजले. जिंकलेल्या बेकीच्या आनंदातसुद्धा गोंधळ दिसत होता. त्या क्षणाला स्वच्छ निकाल मिळायला हवा होता. तिचा हक्क होता तो.

आणि कविता देवीची आठवण ठेवा. २०१७ च्या मे यंग क्लासिक या बायकांच्या स्पर्धेत सलवार कमीज घालून उतरली, डकोटा कायला डोक्यावर उचललं. हरली, पण डब्ल्यूडब्ल्यूईत लढलेली पहिली भारतीय बाई ती. तिला पुढे फार वापरलं नाही, हाही माझ्या मते उतारच.

रापण

एडी गरेरो. १५ फेब्रुवारी २००४, नो वे आउट. व्यसनाने नोकरी घालवलेला, पुन्हा उभा राहिलेला माणूस लेस्नरला हरवतो आणि पब्लिकमध्ये जाऊन आईला मिठी मारतो. यापुढे मला काही लिहायचं नाही.

बाणकोट

चढ-उतारांत एक गोष्ट मी कधीच मोजत नाही, कारण ती खेळाच्या पलीकडची आहे. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. छतावरून दोरीने खाली येताना ओवेन हार्ट पडला आणि गेला. आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला. त्याच रिंगमध्ये पुढच्या लढती झाल्या. "गोष्ट वाईट होती" असं आपण कोफीबद्दल, जिंदरबद्दल म्हणू शकतो. इथे गोष्ट नव्हतीच. पैलवान हा आधी माणूस आहे हे त्या रात्री विसरलं गेलं. देवळापुढे खेळ चालू असताना नट कोसळला तर आमच्याकडे पडदा पडतो, मग पुढे उरलेली रात्र कितीही मोठी असो. मी आजही हा कार्यक्रम बघतो, आवडीने बघतो, पण ही तारीख विसरून बघत नाही.

दहिकाला

माझे काका दशावतारात स्त्रीपार्ट करायचे, म्हणून वेंगुर्लेकिनाराने जे लिहिलंय त्यात थोडी भर घालतो.

काकांना कधी कुणी कागद दिला नाही. कुठलं आख्यान लावायचं ते ठरायचं, मुख्य प्रवेश कुठले ते बोलून व्हायचं, बाकी सगळं तोंडावर. समोरचा राजा काय म्हणतो त्यावर काकांचा जबाब. एखाद्या गावात पब्लिक दर्दी निघाली की तो प्रवेश वाढायचा, थंड असली की आटपायचा. डब्ल्यूडब्ल्यूईत माइकवरचं बोलणं पूर्वी बरंचसं असंच असायचं. मुद्दे ठरलेले, शब्द ज्याचे त्याचे. पुढे लेखकांची फौज आली, शब्द न् शब्द लिहून मिळायला लागला, आणि पन्नास जणांच्या तोंडून एकच भाषा येऊ लागली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात मोठा उतार हा. तो कुठल्या एका तारखेला झाला नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

२७ जून २०११ ला सीएम पंक मांडी घालून रॅम्पवर बसला आणि मालकापासून मालकाच्या जावयापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन बोलला, शेवटी माइक बंद केला गेला. अख्खं जग का हललं? कारण कित्येक वर्षांनी एक माणूस स्वतःच्या शब्दांत बोलत होता. १७ जुलैला शिकागोत, आपल्या गावात, सीनाला हरवून तो पट्टा घेऊन प्रेक्षकांतून निघून गेला. जाता जाता मॅकमहनला हवेतून एक मुका. मी आनंदाने वेडा झालो होतो. आणि मग? आठवड्याभरातच तो परत टीव्हीवर. पट्टा घेऊन पळालेला माणूस महिना-दोन महिने तरी दिसायला नको होता. लोकांना वाट बघू द्यायची असते.

ट्रम्पकार्ड

दहिकाला, लाख बोललात. पंकला २०२३ च्या सर्व्हायव्हर सीरिजला परत बघताना मला तेच जाणवलं, तो बोलायला लागला की बाकीच्यांचं पाठांतर उघडं पडतं.

सागरीमहामार्ग

कोडी ऱ्होड्सचं नाव अजून कसं आलं नाही? माझ्या मते अलीकडच्या काळात सबंध वाट नीट बांधलेली एवढी एकच गोष्ट आहे.

२०१६ मध्ये कंपनी सोडून गेलेला मुलगा एप्रिल २०२२ मध्ये परत येतो. बाप डस्टी ऱ्होड्स, ज्याला या कंपनीत मुख्य पट्टा कधी मिळाला नाही. जूनमध्ये हेल इन अ सेल या पिंजऱ्यातल्या लढतीच्या आधी छातीचा स्नायू फाटतो, तरी कोडी उतरतो. जॅकेट काढलं तेव्हा अर्धी छाती आणि दंड जांभळा-काळा पडलेला होता. सगळं स्टेडियम चरकलं. पुढच्या वर्षी रॉयल रम्बल ही तीस जणांची लढत जिंकून रोमन रेन्सपुढे उभा राहतो आणि हरतो. तेव्हा मीही चिडलो होतो. पण त्या हरण्याने वाट लांबली, तुटली नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत द रॉक आला आणि कोडीची जागा त्याला देण्याचं घाटत होतं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की बेत बदलावा लागला. अंजनवेल ताई म्हणतात तेच, हे प्रेक्षकांनी मिळवलं. २०१४ मध्ये डॅनियल ब्रायनच्या वेळीही तेच झालं होतं : रम्बलमध्ये तो नाही म्हटल्यावर पिट्सबर्गच्या लोकांनी जिंकणाऱ्या बटिस्टाला हुर्यो करून घालवलं आणि रेसलमेनियाचा शेवट ब्रायनच्या नावाने झाला. ७ एप्रिल २०२४, फिलाडेल्फिया. १३१६ दिवस रोमनकडे असलेला पट्टा कोडीने घेतला. मध्ये सीना आला, अंडरटेकर आला, तो गोंधळ काहींना जास्त वाटला. मला नाही वाटला. एवढ्या मोठ्या आख्यानाचा शेवट एवढाच भरगच्च हवा.

गिरणगाव ते गुहागर

वय झालं माझं, तुमच्यातली बरीच नावं मला नातवाकडून कळतात. माझे वडील गिरणीत चाकरमानी. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगची फ्रीस्टाइल बघायला ते पगारातले पैसे बाजूला काढून ठेवायचे. १९६८ मध्ये मुंबईत दारासिंगने लू थेझला हरवलं, ती गोष्ट त्यांनी गावी आल्यावर ओटीवर बसून सांगितली आणि पुढे दर वर्षी सांगितली. खरी की ठरलेली, हा वाद तेव्हाही व्हायचा. वडील वादात पडत नसत. दारासिंग घाणेरडी कुस्ती खेळत नाही, एवढंच म्हणत. त्यामुळे मला आजच्या कार्यक्रमातला उतार वाटतो तो शिवीगाळीचा काळ, १९९८-९९ च्या आसपासचा. बायका-पोरांत बसून बघवत नसे. आता ते बरंच सुधारलं आहे.

तेरेखोल

आजोबा, त्याच काळात ऑस्टिन आणि रॉक होते, म्हणून लोक तो सुवर्णकाळ म्हणतात. पण तुमचं म्हणणं खरं आहे. मॅनकाइंड या पैलवानाने ४ जानेवारी १९९९ च्या रॉमध्ये पट्टा जिंकला तो क्षण सोन्यासारखा, आणि त्याच आठवड्यातले कितीतरी प्रवेश आज मुलांसमोर लावता येत नाहीत.

दाभोळखाडी

लांबीबद्दल कुणीच तक्रार केली नाही याचं आश्चर्य वाटतं. जुलै २०१२ मध्ये हजाराव्या भागापासून रॉ तीन तासांचं झालं आणि तेव्हापासून मधला तास नुसता भरण्याचा झाला. तीच लढत या सोमवारी, तीच पुढच्या सोमवारी. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आलं, भागांची लांबी आता कमी-जास्त असते, ते मला आवडतं. पण गावी पाऊस लागला की आधी वीज जाते, मग टॉवर. केबलवर निदान रात्री पुनःप्रक्षेपण लागायचं, चहाच्या टपरीवर दहा जण मिळून बघायचे. आता ज्याच्याकडे पासवर्ड त्याच्या मोबाइलभोवती आम्ही गोळा होतो.

रापण

जॉन सीनाचा शेवट, चढ की उतार? १३ डिसेंबर २०२५, वॉशिंग्टन. "नेव्हर गिव्ह अप" छातीवर मिरवणारा माणूस शेवटच्या मॅचमध्ये गुंथरच्या स्लीपर या गळ्याच्या पकडीत हसला आणि टॅप केलं, म्हणजे हात आपटून हार मानली. आमच्या घरात पोरं रडली.

वेंगुर्लेकिनारा

रापण, मी चढात धरतो. त्याच वर्षी मार्चमध्ये सीनाला खलनायक केलं, तो उतार. इतकी वर्षं न केलेली गोष्ट केली आणि तिला कारणच दिलं नाही. द रॉक दोन दिवस दिसला, मग गायब. सतरावा पट्टा लास व्हेगासमध्ये मिळाला तोही अशा ढिसाळ लढतीत. उन्हाळा संपेपर्यंत सगळं गुपचूप गुंडाळून त्याला पुन्हा चांगला केला. खलनायकी पोषाख चढवलास तर त्याची लढाई पुरी खेळ, अर्ध्यात मुकुट काढून ठेवू नकोस.

पण शेवटची रात्र वेगळी. वीस वर्षांत ज्याने टॅप करायचं नाही असं ठरवलं होतं, त्याने ते नेमकं एकदाच आणि जाताना केलं. लोकांनी हुर्यो केली, मालकांना शिव्या घातल्या, तरी मी म्हणेन की वाट तिथेच जात होती. जुना राजा जाताना नव्याच्या हातात काहीतरी ठेवून जातो. ट्रम्पकार्ड, तुम्ही अंडरटेकरबद्दल जे मागत होतात ते इथे झालं की. विजय अशा माणसाला दिला जो पुढे बरीच वर्षं लढणार आहे.

ट्रम्पकार्ड

हो, तेवढं मान्य. पण सीनाने टॅप करायला नको होतं. बेशुद्ध पडू द्यायचं, हात तीनदा खाली पडला की संपलं. गुंथरचा विजय तेवढाच मोठा राहिला असता आणि पोरांचा सीनाही शाबूत राहिला असता.

अंजनवेल

मावशीचंही हेच मत. ती त्या दिवशी गुंथरला चार शिव्या घालून झोपायला गेली.

नारळीपोफळी

माझा भाचा मे महिन्यात मुंबईहून येणार आहे. मोबाइलवर गेम खेळतो, कुस्ती खोटी असते म्हणून तोंड वाकडं करतो. त्याला एकच लढत दाखवायची तर कुठली दाखवू?

वेंगुर्लेकिनारा

२००९ ची नको, अंडरटेकर-शॉनची मजा यायला त्या दोघांची आधीची वर्षं माहीत हवीत. ३ सप्टेंबर २०२२, कार्डिफ, गुंथर विरुद्ध शीमस लावा. गोष्ट काही माहीत नसली तरी चालते. सुरुवातीला दोघं छातीला छाती भिडवून उभे राहतात आणि मागे दोघांचे साथीदार भांडत असतात, यांची नजर हलत नाही. मग चापट्या सुरू होतात. काही मिनिटांत शीमसच्या गोऱ्या छातीवर बोटांचे वळ उठतात, नंतर ती कच्च्या मांसासारखी लाल होते. तिथे भाच्याला विचारा, खोटं कुठलं ते दाखव. शीमस हरतो, आणि सगळं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहतं. ते आवडलं तर पुढे कोफीचा मार्च २०१९ चा गाँटलेट, मग रेसलमेनिया ३५. ऑक्टोबर मात्र लगेच दाखवू नका.